मैदानावरचं कुंग फू : सात सिनेमांपैकी कोणता लावावा?

एकच सिनेमा पाहायचा असेल तर 'शाओलिन सॉकर' (२००१) पाहा, आणि त्याची कापलेली अमेरिकन आवृत्ती टाळा. घरात बास्केटबॉल खेळणारी किंवा जे चाउची गाणी ऐकणारी मंडळी असतील तर 'कुंग फू डंक' (२००८). संगणकाची करामत नको, माणसाचं अंग काय काय करू शकतं ते पाहायचं असेल तर 'द चॅम्पियन्स' (१९८३). बाकीचे चार, म्हणजे 'ड्रॅगन लॉर्ड' (१९८२), 'बॉल्स ऑफ फ्युरी' (२००७), 'शाओलिन गर्ल' (२००८) आणि 'फुल स्ट्राइक' (२०१५), ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे. त्यातला एक आम्ही सहसा कुणाला सुचवत नाही.

या सिनेमांत घोडं नेहमी एकाच ठिकाणी अडतं. नायकाला हवेत उडता येतं, एका लाथेत भिंत फोडता येते. मग त्याला हरवणार कोण, आणि तो हरणारच नसेल तर सामना बघायचा कशाला? याचं उत्तर खेळाच्या नियमांत आहे. फुटबॉलमध्ये पायात कितीही ताकद असली तरी चेंडू ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकटीतूनच गेला पाहिजे. खेळ चालू असताना चेंडूला हात लावायची मुभा एकट्या गोलरक्षकाला, तीही त्याच्या पेनल्टी क्षेत्रापुरती. आणि पंच विकला गेला असेल तर त्या ताकदीचा काडीचा उपयोग नाही. नियम शाबूत राहिले तर कुंग फूला रंग चढतो. ते सोडले की उरते नुसती उडाउडी.

दुसरी कसोटी अशी, की प्रत्येक विद्येला मैदानावर नेमकी जागा मिळाली पाहिजे. लाथ मारणाऱ्याच्या पायाशी चेंडू ठेवणं सोपं आहे. डोक्यावर बाटल्या फोडून घेणाऱ्याला, जमिनीलगत पाय फिरवणाऱ्याला किंवा कणीक मळणाऱ्या मुलीला संघात काय काम द्यायचं, हे ज्याला सुचतं त्याचा सिनेमा उभा राहतो. हसूही बहुतेक वेळा नियम आणि विद्या यांच्या टकरीतूनच फुटतं, म्हणून विनोदाचं माप वेगळं काढायची गरज पडत नाही.

शाओलिन सॉकर

स्टीफन चाउ याने दिग्दर्शित केलेला आणि स्वतः नायक म्हणून केलेला हा हाँगकाँगचा सिनेमा. शाओलिन कुंग फू शिकलेले सहा गुरुबंधू शहरात पोटामागे लागलेत आणि विद्या गंजत पडली आहे. धाकट्यांपैकी सिंग (चाउ) भंगार गोळा करतो आणि कुंग फूचा प्रसार कसा करावा याच विचारात असतो. थोरला नाइटक्लबात झाडलोट करतो आणि मालकाच्या हातून डोक्यावर बाटल्या फोडून घेतो. एकाला कामधंद्याच्या फोनमधून डोकं वर काढायला फुरसत नाही. यांना एकत्र आणतो फुंग, म्हणजे उंग मान-तात. हा एकेकाळचा नावाजलेला खेळाडू. लाच घेऊन त्याने पेनल्टी चुकवली, मग त्याचा पाय मोडला गेला, आणि आता तो ज्याच्यामुळे बुडाला त्याच माणसाच्या हाताखाली राबतो आहे.

लेखनाची कारागिरी विद्यांच्या वाटपात दिसते. लोखंडी डोक्याचा थोरला हेडर मारणार हे उघड आहे. पोलादी अंगाचा भाऊ चेंडू पोटावर झेलतो आणि तिथूनच तोफगोळ्यासारखा परत सोडतो. जमिनीलगत पाय फिरवणारा ड्रिबलिंग करतो. विजेच्या हातांचा गोलरक्षक होतो; केशरचना, हावभाव आणि पिवळा पोशाख थेट ब्रूस लीचा. ती भूमिका करणारा डॅनी चान पुढे २००८च्या चिनी दूरदर्शन मालिकेत ब्रूस लीच झाला. आणि अंग हलकं करून हवेत तरंगायची विद्या कुणाकडे, तर सगळ्यांत जाड भावाकडे. फुटबॉल माहीत असलेल्याला प्रत्येक विद्या बघताच तिची जागा कळते, आणि फुटबॉल माहीत नसलेल्यालाही खेळ आपोआप समजत जातो. हे दोन्ही एकदम साधणारा दुसरा सिनेमा या यादीत नाही.

एक प्रसंग नीट बघण्यासारखा आहे: पहिला सराव सामना. समोरचा संघ म्हणजे गल्लीतले गुंड. त्यांच्या कप्तानाच्या कपड्यांतून अवजारं खाली पडतात आणि तो पंचाला निर्विकारपणे सांगतो, की मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस, माझ्यापाशी पाना-हातोडी असणारच. मग सामना राहत नाही, मारहाण होते. कॅमेरा खाली येतो, धूळ उडते, युद्धपटातल्यासारखे आवाज येतात, थोरल्याचा भर मैदानात अपमान होतो. हा भाग लांबतो आणि मुद्दाम लांबवला आहे. हसू हळूहळू आटतं, बघणाऱ्याला खरोखर वाईट वाटायला लागतं, आणि नेमक्या त्या क्षणी एकेका भावाच्या अंगात जुनी विद्या परत येते. चाउच्या विनोदाची हीच रीत: आधी अपमान पुरता भोगायला लावायचा, मग उसळी. पहिल्यांदा बघताना पुष्कळांना हा भाग जड जातो आणि तिथेच सिनेमा बंद केला जातो. तसं करू नका. पुढचा सगळा आनंद या दहा मिनिटांवर उभा आहे.

मुई (झाओ वेई) ताई ची या संथ चिनी युद्धकलेच्या हालचालींनी वाफवलेले पाव करते. हाताच्या गोल फिरवण्याने कणकेचा जोर कसा वळवायचा, हे आपण आधी तिच्या ठेल्यावर पाहतो आणि बऱ्याच वेळाने कळतं की ते कशासाठी दाखवलं होतं. जोराला जोराने उत्तर न देता तो वळवून घ्यायचा हे ताई चीचं मूळ तत्त्व आहे. सिनेमाने ते संवादात न सांगता पिठात दाखवलं. तिचं मन मोडतं तेव्हा पाव खारट लागतात, अश्रूंमुळे. इतक्या आरडाओरड्याच्या सिनेमात अशी बारीक जागा सापडते.

उणं काय? २००१चं संगणकी काम आज जुनं दिसतं. आगीचा चेंडू आणि वावटळ मोठ्या पडद्यावर कागदी वाटतात. मुईच्या चेहऱ्यावरून केलेले विनोद खुपतात. प्रेमकथा मध्येच बराच वेळ गायब असते. तरीही २००२च्या हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता हे तिन्ही मान याला मिळाले, आणि हाँगकाँगमध्ये सहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर धंदा करून त्याने स्थानिक सिनेमांचा तेव्हाचा विक्रम मोडला.

आता आवृत्त्यांचं, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. मिरामॅक्स या अमेरिकन वितरण कंपनीने अमेरिकेतले हक्क घेतले, प्रदर्शन लांबवत २००४वर नेलं आणि सिनेमा ८७ मिनिटांच्या आसपास आणून काढला. पूर्ण लांबीची आवृत्ती ११३ मिनिटांच्या आसपास आहे. कापलेल्या आवृत्तीत सामने पळतात पण माणसं तुटक वाटतात, आणि भावंडांचं दैन्य कमी दिसल्यामुळे त्यांची उसळीही फिकी पडते. म्हणून लावण्याआधी लांबी बघा. दीड तासाच्या आत असेल तर दुसरी प्रत शोधा. आवाज कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगच्या मूळ भाषेतला, निवडा आणि खाली इंग्रजी अक्षरं ठेवा. मँडरिन डबिंगची स्वतःची गंमत आहे, कारण शी बान्यू या आवाज-कलाकाराने चाउला वर्षानुवर्षे जो चिरका, खिदळता मँडरिन आवाज दिला तो चीनमध्ये चाउइतकाच ओळखीचा झाला. पण चाउचा स्वतःचा स्वर शांत, कोरडा आहे आणि विनोद त्या कोरडेपणावर चालतो.

कुंग फू डंक

तैवानी दिग्दर्शक चू येन-पिंग, नायक गायक जे चाउ, सोबत चार्लीन चोई आणि एरिक त्सांग. २००८च्या चिनी नववर्षाला आलेला हा सिनेमा 'शाओलिन सॉकर'च्या वाटेने चाललाय हे लपून राहत नाही. मारामारीची आखणीसुद्धा दोन्हीकडे चिंग सिउ-तुंग याचीच. त्यामुळे ही दोन नावं शेजारी ठेवून बघणं सगळ्यांत फायद्याचं, कारण हात तोच असताना फरक कुठे पडला ते स्वच्छ दिसतं.

दोन्ही सिनेमांत नायकाचा शोध एका रिकाम्या डब्यावरून लागतो. 'शाओलिन सॉकर'मध्ये सिंग बिअरचा डबा लाथेने आकाशात भिरकावतो. फुंग त्याला वेडा समजून निघून जातो, आणि बऱ्याच वेळाने तोच डबा दूरच्या एका भिंतीत घुसलेला त्याला सापडतो. 'कुंग फू डंक'मध्ये फांग शिजिए लांबवरून डबा कचरापेटीत टाकतो, नेम चुकत नाही, आणि एरिक त्सांगने केलेल्या दलालाचे डोळे चमकतात. पहिल्या प्रसंगात विनोदाला उशीर आहे: आपण डबा विसरतो आणि मग तो भेटतो. दुसऱ्यात कृती, परिणाम आणि कौतुक एका दमात उरकतं. दोन्ही सिनेमांचा स्वभाव या एका डब्यात दिसतो.

बास्केटबॉल कुंग फूला अवघड जातो, आणि त्याचं कारण खेळातच आहे. रिंग ३.०५ मीटरवर. उडी मारणाऱ्याला जायचं कुठे, तर तिथेच. हवेत तो दहा सेकंद राहिला तरी पावलांचा नियम (चेंडू हातात धरून जादा पावलं टाकायची नाहीत हा) मोडत नाही, कारण पावलं जमिनीवरची मोजतात; चेंडू हातातून सोडायच्या आत पुन्हा जमिनीवर आला तरच तो अडकतो. म्हणजे उडणाऱ्या नायकाला नियम अडवतच नाही. पहिला डंक, म्हणजे उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणं, डोळे दिपवतो, तिसऱ्यापर्यंत सवय होते, पाचव्याला आपण घड्याळाकडे बघतो. फुटबॉलमध्ये गोलरक्षक नावाची भिंत असते, इथे रिंग उघडी. मग अडथळा आणायचा कुठून? सिनेमा तो लबाड प्रतिस्पर्ध्यांतून आणि विकाऊ पंचांतून आणतो, आणि तेही कमी पडल्यावर शेवटच्या मिनिटांत अशी एक उडी घेतो की खेळाचे नियम बाजूलाच राहतात. काय ते सांगत नाही, पण सामना रंगात आला असताना तो असा निकाली काढलेला अनेकांना रुचत नाही.

संघ पाच जणांचा असून उठून दिसतो एकच. सहकारी देखणे आहेत, प्रत्येकाला थोडं दुःख दिलं आहे, पण स्वतःची अशी विद्या नाही. अनाथ नायक आईवडिलांना शोधतो हे उपकथानक मात्र मनापासून केलं आहे. जे चाउ रडका होत नाही, गप्प राहतो, आणि ते त्याला शोभतं. सिनेमातली सगळ्यांत चोख मारामारी बास्केटबॉलची नाहीच, ती नाइटक्लबातली आहे: अरुंद जागा, खुर्च्या-टेबलं, एकटा विरुद्ध घोळका. चिंग सिउ-तुंगचा हात तिथे मोकळा सुटला आहे. नायकाला वाढवणाऱ्या गुरुजनांत उंग मान-तात पुन्हा भेटतो. २०२१मध्ये तो गेला. त्याच्यासाठी हे दोन्ही सिनेमे लागोपाठ बघावेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

किशोरवयीन मुलांसोबत बघायला हा 'शाओलिन सॉकर'पेक्षा सोपा: चकचकीत, संगीत जोरदार, अपमानाचे लांब प्रसंग नाहीत.

द चॅम्पियन्स आणि ड्रॅगन लॉर्ड : संगणकाआधीचा काळ

'शाओलिन सॉकर' बघून 'ही कल्पना कशी सुचली असेल' असं म्हणणाऱ्याने 'द चॅम्पियन्स' जरूर बघावा. दिग्दर्शक ब्रँडी युएन, नायक युएन बियाओ, खलनायक डिक वेई. गावाकडून हाँगकाँगला आलेला पोरगा बड्या संघात पडेल ते काम करतो, तिथला तारांकित खेळाडू त्याला पायाखाली तुडवतो, आणि मग तो त्याच्याच विरुद्ध मैदानात उतरतो. गोष्ट इतकीच. तिच्यासाठी कुणी हा सिनेमा बघत नाही.

बघायचं ते बियाओचं अंग. जॅकी चान, सॅमो हुंग आणि तो, तिघेही यू जिम-युएन यांच्या हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेरा शाळेत घडलेले. कोलांट्या, तोल आणि लवचीकता यांत बियाओ तिघांतला सरस मानला जातो. इथे चेंडू बहुतेक ठिकाणी खराखुरा आहे. तो पायावर, गुडघ्यावर, खांद्यावर, मानेवर खेळत राहतो आणि कॅमेरा मागे उभा राहून संपूर्ण माणूस दाखवतो. हीच ओळखण्याची खूण: पाय आणि चेहरा एकाच चौकटीत असतील तर करणारा तोच; फक्त बूट दिसला तर शंका घ्या. ओव्हरहेड किकमध्ये माणूस पाठीवर पडतो, आणि पडल्याचा आवाज नकली असला तरी पडणं खरं आहे. संगणकाने काढलेल्या आगीच्या चेंडूपेक्षा ते अंगावर जास्त येतं.

यातला विनोद आज बाळबोध वाटतो. आपटणं, तोंडं करणं, पाठलाग. मधला अर्धा तास ढिला आहे. सामन्यांमधलं पुढे सरकवलंत तरी काही बिघडत नाही. हे वाक्य आम्ही इतर कुठल्याही सिनेमाबद्दल लिहिणार नाही.

जॅकी चानच्या 'ड्रॅगन लॉर्ड'ला क्रीडापट म्हणणं ओढूनताणून होईल, पण त्यातले दोन खेळ या यादीतल्या सगळ्यांत कष्टाने चित्रित झालेल्या प्रसंगांत मोडतात. सुरुवातीला पावांच्या उंच मनोऱ्यावर चढून सोनेरी गोळा पटकावायची झोंबाझोंबी आहे. ती बघताना दहीहंडीचे थर डोळ्यांपुढे येतात, फरक एवढाच की इथे चार संघ एकाच वेळी एकमेकांना खाली ओढतात. पडणारे बाहुले नाहीत, माणसं आहेत. पुढे पिसाच्या फुलाचा, जियांझीचा सामना येतो: हाताने न शिवता फूल पायाने, गुडघ्याने, डोक्याने खेळवायचं आणि समोरच्या चौकटीत घालायचं. फूल चेंडूसारखं ठरावीक उसळत नाही, हवेत मंदावतं आणि वळतं, म्हणून पाच-सहा जणांच्या पायांतून ते न तुटता फिरवणं किती जिकिरीचं हे खेळून पाहिलेल्यालाच कळेल. शेवटी ह्वांग इन-शिकबरोबर कोठारातली मारामारी आहे, विनोद बाजूला ठेवून केलेली. श्रेयनामावलीच्या वेळी फसलेली दृश्यं दाखवली जातात, ती चुकवू नका. मनोऱ्यावरून पडणं किती खरं होतं ते तिथे कळतं.

फुल स्ट्राइक

बॅडमिंटनचा सिनेमा म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारणारच. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ब्रिटिश छावणीत हा खेळ 'पूना' नावाने खेळला जात होता. सिनेमाचा मात्र पुण्याशी संबंध नाही. तो अस्सल हाँगकाँगचा, डेरेक क्वोक आणि हेन्री वाँग यांचा. क्वोकने त्याआधी २०१३मध्ये स्टीफन चाउबरोबर सहदिग्दर्शन केलं होतं, आणि ती छाप जागोजागी दिसते. जोसी हो हिने केलेली माजी विजेती रागीट स्वभावापायी खेळातून बाहेर फेकली गेली आहे. तिची गाठ तुरुंगातून सुटलेल्या काही जणांशी पडते. त्यांचा म्होरक्या एकिन चेंग. साथीदारांत एकाला एक हात नाही, एकाची नजर अधू. प्रशिक्षक दारुडा.

बॅडमिंटन पडद्यावर दाखवणं महाकठीण. फूल जेमतेम पाच ग्रॅमचं, ४.७४ ते ५.५० ग्रॅम एवढीच नियमात मुभा. रॅकेटवरून सुटताना ते भयंकर वेगात असतं. सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा २०२३चा विक्रम ताशी ५६५ किलोमीटरचा आहे. पण हवेचा रोध इतका की जाळीपलीकडे पोचेपर्यंत तो वेग बराच गळतो. कॅमेऱ्याला आधी ते दिसत नाही, आणि दिसायला लागतं तेव्हा त्यात जोर उरलेला नसतो. सिनेमा यावर संथ गती, जवळची दृश्यं आणि आवाज यांनी मात करायला बघतो, आणि पुष्कळदा जमवतो. विद्येच्या वाटपातही तो हुशार आहे: एकेकाचं व्यंग हाच त्याच्या खेळाचा आधार होतो, आणि अधू माणसाची टिंगल न करता हे साधलं आहे.

तरी हा शाओलिन पद्धतीचा कुंग फू सिनेमा नव्हे. मद्यधुंद शैली वगैरेंचे इशारे आहेत, हाणामारी बेताची, भाषा शिवराळ. हरलेल्या मध्यमवयीन माणसांची गोष्ट ज्यांना भिडते त्यांना हा 'कुंग फू डंक'पेक्षा जास्त आवडेल. दहा वर्षांच्या मुलाला लावून देऊ नका.

बॉल्स ऑफ फ्युरी

यादीतला एकमेव अमेरिकन. दिग्दर्शक रॉबर्ट बेन गॅरंट; डॅन फॉगलर, क्रिस्टोफर वॉकेन, मॅगी क्यू, जेम्स हाँग. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे टेबल टेनिस ऑलिम्पिकमध्ये प्रथम खेळलं गेलं त्याच स्पर्धेत, फजिती झालेला बालखेळाडू मोठेपणी गुप्त कामगिरीवर एका गुंडाच्या जीवघेण्या स्पर्धेत शिरतो. सांगाडा ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'चा (१९७३), वर विडंबनाचा मुलामा. त्यामुळे मूळ सिनेमा न पाहिलेल्याचे निम्मे विनोद वाया जातात. आधी तो पाहा.

२.७४ मीटरच्या टेबलावर दोन खेळाडू दीड हात मागे उभे असतात. लाथेला जागा नाही, अंगाला अंग लागत नाही, म्हणून कुंग फूचा संबंध उरतो तो गुरू, सराव आणि वेशभूषा एवढाच. चेंडू पुष्कळ ठिकाणी संगणकाने घातलेला आहे, आणि टेबल टेनिस खेळणाऱ्याला ते लगेच खटकतं: रॅकेटचा कोन एक सांगतो, चेंडू भलतीकडे जातो. जेम्स हाँगचा आंधळा गुरू हीच खरी कमाई. त्याचं टायमिंग बाकीच्यांना झाकून टाकतं. कंबरेखालचे विनोद भरपूर, आणि गोऱ्या नटाला चिनी झगा घालून खलनायक करणं आज बघवत नाही.

शाओलिन गर्ल

हाच तो न सुचवलेला. कागदावर सगळं जुळलं होतं: निर्मितीत स्टीफन चाउचं नाव, 'शाओलिन सॉकर'मधले तिन काई-मान आणि लाम ची-चुंग हे दोन भाऊ, दिग्दर्शक कात्सुयुकी मोतोहिरो, आणि नायिका को शिबासाकी. शाओलिनहून शिकून जपानला परतलेली रिन, ओस पडलेली आजोबांची तालीम, आणि विद्यापीठाचा महिला लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) संघ.

खेळाची निवडच अडचणीची ठरली. महिलांच्या लॅक्रॉसमध्ये अंगाने धडक द्यायला मनाई आहे. प्रतिस्पर्ध्याची काठी ठोकायची तीही नियमांच्या चौकटीत. ही बंदी पकडून विनोद करता आला असता, कारण जिच्या अंगात एवढी ताकद तिला कुणाला शिवता येत नाही. सिनेमा ती संधी घेत नाही. रिन चेंडू इतक्या जोरात मारते की गोलच चुकतो, संघात मिसळायला शिकते, आणि इथे आपण सावरून बसतो तोच लॅक्रॉस मागे पडतं. उत्तरार्धात खलनायकाच्या इमारतीत मजल्यामागून मजला मारामारी चालते आणि मैदान विसरलं जातं. शिबासाकीने घेतलेली मेहनत तिच्या उभं राहण्यातून दिसते, म्हणूनच जास्त हळहळ वाटते. तिचे चाहते असाल तर पूर्वार्ध बघा.

लावण्याआधी

दोन रात्री हाताशी असतील तर पहिल्या रात्री 'द चॅम्पियन्स'चे सामने आणि लगेच 'शाओलिन सॉकर'. उलट क्रम लावलात तर आगीच्या चेंडूनंतर बियाओचा खरा चेंडू डोळ्यांना साधा वाटेल, आणि तो अन्याय होईल. दुसऱ्या रात्री 'कुंग फू डंक' किंवा 'फुल स्ट्राइक', घरातल्यांच्या वयाप्रमाणे.

लहान मुलं सोबत असतील तर 'शाओलिन सॉकर'मधल्या तीन जागा आधी माहीत असाव्यात: डोक्यावर फुटणाऱ्या बाटल्या, सराव सामन्यातला अपमान, आणि अंतिम सामन्यात औषधं टोचून आलेला प्रतिस्पर्धी संघ खेळाडूंना रक्तबंबाळ करतो तो भाग. सात-आठ वर्षांचं मूल शेजारी मोठं माणूस असेल तर हे पचवतं. बाटल्या फोडायच्या नकला मात्र दुसऱ्या दिवशी होतात, तेवढं आधीच बजावून ठेवा.

जुन्या हाँगकाँग सिनेमांच्या प्रती निवडताना चौकटीचं प्रमाण तपासा. 'द चॅम्पियन्स' आणि 'ड्रॅगन लॉर्ड' रुंद पडद्यासाठी चित्रित झालेले आहेत. दूरदर्शन संचासाठी दोन्ही बाजू छाटलेली प्रत मिळाली तर जियांझीच्या सामन्यात फूल ज्याच्याकडे गेलं तो खेळाडूच चौकटीबाहेर असतो आणि सगळी करामत मातीमोल होते. सुरुवातीची नावं पडद्याच्या कडांना कापलेली दिसली, की ती प्रत छाटलेली समजा आणि तिथेच थांबा.